अडुसष्टाव्या वर्षी ताशी १८४ मैल

मंडळी, कॉलेजात येझदी नाहीतर राजदूत पळवलेले कितीतरी जण आपल्या मंडळात आहेत. इकडे अमेरिकेत आल्यावर घराचे हप्ते, मुलांचे क्लास यांत ती हौस मागे पडली. आता मुलं मोठी झाली, तरी मोटरसायकलचा विषय निघाला की आपणच म्हणतो, "आता या वयात?"

न्यूझीलंडच्या बर्ट मन्रो यांचा जन्म १८९९चा. १९२०मध्ये त्यांनी 'इंडियन स्काउट' घेतली. (नावावर जाऊ नका, कंपनी मॅसॅच्युसेट्सची!) मूळ वेग ताशी ५५ मैल. तीच गाडी ते आयुष्यभर सुधारत राहिले. जुन्या डब्यांत धातू ओतून सुटे भागही घरीच केले. १९६२मध्ये, साठी उलटल्यावर, ते युटातल्या बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर आले. स्वयंपाकघरातलं सोडियम क्लोराइडच ते, पण मैलोन् मैल सपाट! १९६७मध्ये तिथेच त्यांनी १००० सीसीखालच्या गटात ताशी सुमारे १८४ मैलांचा विक्रम केला.

आपल्याला विक्रम नको. रविवारी सकाळी गावाबाहेर तासभर वारा खाल्ला तरी पुष्कळ. मात्र जुन्या सवयीवर विसंबू नये. इथे उजवीकडून चालवायचं असतं. नवशिक्यांचा कोर्स आधी करावा, मोटरसायकलचं वेगळं लायसन्स काढावं, गाडी हलकी घ्यावी, हेल्मेट विसरू नये. घरच्यांची काळजी खरी असते. आपली तयारी दिसली की ती थोडी कमी होते.

कोर्सला कुणाला यायचं असेल तर कार्यकारिणीला कळवा. चार-पाच जण जमले तर आपण एकदमच नावं घालू.