रुळाचा पांढरा थर

गाडी निघून गेल्यावर रुळाचा माथा चकाकताना आपण पाहतो. चाकांनी तो घासून गुळगुळीत केला, एवढेच आपल्याला वाटते. परंतु त्या चकाकीखाली पोलादाची घडणच पालटत असते.

रुळाच्या पोलादात शेकडा पाऊण भाग कर्ब असतो. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात मऊ लोह आणि कठीण लोहकर्बिद यांचे पातळ पापुद्रे एकाआड एक रचलेले दिसतात. या रचनेला मोत्यासारखी झाक असते, म्हणून तिचे नाव पर्लाइट. चाक रुळाला टेकते ते जेमतेम नखाएवढ्या जागेत, आणि कित्येक टनांचा भार तेवढ्यावर येतो. त्याखाली वरचे पापुद्रे वाऱ्याने झुकलेल्या गवतासारखे हळूहळू एका दिशेला निजतात. ताण सोसण्याची त्यांची शक्ती संपली, की पृष्ठभागी तिरकी भेग उमटते.

चाक घसरले तर निराळेच घडते. कर्जतहून बोरघाट चढताना ३७ फुटांस १ फूट असा चढ आहे. ओल्या रुळावर चाक जागीच फिरू नये म्हणून तेथे वाळू सोडावी लागते. घसरणाऱ्या चाकाखाली रुळाची कातडी क्षणभर सातशे अंशांहून अधिक तापू शकते, आणि खालचे थंड पोलाद ती उष्णता तत्काळ शोषून घेते. लोहार तापलेल्या कोयत्याला पाणी पाजतो, तोच हा प्रकार! पर्लाइट नाहीसे होऊन मार्टेन्साइट तयार होते. तपासणीसाठी लावलेल्या आम्लानेही हा थर काळवंडत नाही, पांढराच राहतो. तो केवळ उष्णतेने होतो की दाबाचाही त्यात वाटा असतो, याविषयी शास्त्रज्ञांत एकमत नाही. केसाइतक्या जाडीचा हा थर मूळ पोलादाच्या दुप्पट-तिप्पट कठीण, पण काचेसारखा ठिसूळ असतो. तो तडकला, की भेगेला खाली उतरण्यास वाट मिळते.

अशा पृष्ठभागी भेगा वाढल्या म्हणजे काय होते, हे इंग्लंडमधील हॅटफील्डजवळ १७ ऑक्टोबर २००० रोजी दिसले. धावत्या गाडीखाली रुळाचे तीनशेहून अधिक तुकडे झाले. चार माणसे दगावली. तो रूळ सदोष असल्याचे अगोदर ठाऊक होते, बदलला मात्र गेला नव्हता.

भेगा कोवळ्या असतानाच रुळाचा माथा यंत्राने पातळसा घासून काढणे, हा यावरचा उपाय. स्वनातीत लहरींनी रुळाचे अंतरंगही तपासतात. मात्र वरची आडवी भेग त्या लहरी परतवते, आणि तिच्याखाली दडलेली खोल भेग कित्येकदा दिसतच नाही.