एकाच बागेची लाल वाइन आणि बांधावरचा चोथा

द्राक्षाचा मणी काळा असो वा हिरवा, त्यातील गर आणि रस बहुतेक जातींत जवळजवळ रंगहीनच असतो. लाल वाइनचा रंग, तिचा तुरटपणा आणि गंधाचा बराचसा भाग सालीतून येतो. म्हणूनच पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे आधी दाबून रस वेगळा करतात व नंतर आंबवितात. लाल वाइनसाठी मात्र साल, बिया आणि रस आठ-दहा दिवस, कधी त्याहूनही अधिक काळ, एकाच टाकीत नांदतात. साहजिकच सालीवर बागेत जे जे घडलेले असते ते सर्व टाकीत उतरते. पक्ष्याच्या चोचीची जखम, अळी, उशिरा फवारलेले गंधक, यांपैकी काहीही बाहेर राहत नाही.

मोठ्या वाइनरीला अशा दोषांवर पांघरूण घालण्याची सोय असते. अनेक बागायतदारांची द्राक्षे वेगवेगळ्या टाक्यांत आंबवून एका बागेचे उणे दुसऱ्या बागेच्या अधिकाने भरून काढता येते. एकाच बागेच्या नावाने विकल्या जाणाऱ्या वाइनला ही मुभा नसते. फ्रान्सच्या बरगंडी प्रांतातील रोमाने-कोंती ही बाग अवघी १.८ हेक्टरची. फायलॉक्सेरा या मुळांवरील किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्यानंतर इतरांनी अमेरिकी खुंटांवर कलमे बांधली. या बागेने मात्र जमिनीत औषध घालून आपल्या जुन्या वेली दीर्घकाळ जगविल्या. महायुद्धाच्या काळात औषध आणि मजूर दोन्ही दुर्मीळ झाले आणि १९४५ च्या हंगामानंतर वेली उपटाव्या लागल्या. १९४६ ते १९५१ या सहा हंगामांत त्या बागेच्या नावाची एकही बाटली निघाली नाही. एक बाग म्हणजे एकच बाग, हा नियम इतका कडक आहे.

आपल्याकडे इतकी परंपरा नसली तरी नाशिक जिल्ह्यात आणि कर्नाटकातील नंदी टेकड्यांच्या परिसरात लहान वाइनरी आता या वाटेने जाऊ लागल्या आहेत. हिशेब साधा आहे. दोन एकर शिराझची बाग घ्यावी आणि उत्पादन मुद्दाम एकरी तीन टनांवर रोखावे. सहा टन द्राक्षांतून, टनाला साधारण ६५० लिटर धरल्यास, ३,९०० लिटर वाइन होते. म्हणजे ७५० मिलिलिटरच्या ५,२०० बाटल्या. टेबल द्राक्षाच्या बागायतदाराला एकरी तीन टन हा आकडा ऐकूनच हसू येते. परंतु येथे मोठा, रसाळ मणी नकोच असतो. मणी जितका लहान तितके रसाच्या मानाने सालीचे प्रमाण अधिक; म्हणून जिब्रेलिक आम्लाच्या फवारण्या येथे नाहीत आणि पाण्याचा हातही आखडता असतो.

अशा बाटलीला मिळणारा अधिकचा भाव एका बागेच्या एका काढणीवर अवलंबून असतो. काही वर्षांपूर्वी नाशिक जिल्ह्यातील एका लहान वाइनरीत हे मला फार जवळून पाहावयास मिळाले. आम्हा कीटकशास्त्रज्ञांना वाइनरीत सहसा कोणी बोलावीत नाही. बोलाविले की समजावे, काहीतरी बिघडले आहे.

फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा होता. शिराझची गोडी २३ ब्रिक्सपर्यंत आली होती. लिटरमागे साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल होतो, त्यामुळे साखरेच्या दृष्टीने द्राक्षे तयारच होती. परंतु बिया चावून पाहिल्या तर अजून हिरवट आणि कडू. आणखी आठवडाभर थांबावे, असे वाइन बनविणाऱ्या तरुणाचे मत होते. आणि नेमका एके संध्याकाळी अवकाळी पाऊस झाला. चार दिवसांनी मालकांचा दूरध्वनी आला, "मॅडम, बागेत व्हिनेगरचा वास येतोय. मधमाश्यांनी मणी फोडलेत. काय फवारू?"

मधमाश्यांवरचा हा आरोप जुना आहे आणि बहुधा चुकीचाही. धडधाकट मण्याची साल मधमाशीला फोडता येत नाही. ती आधीच फुटलेल्या मण्यावर येते. फोडणारे दुसरेच असतात: पक्षी, गांधीलमाश्या आणि पावसाचे पाणी. मण्यांच्या वाढीच्या काळात भुरीने ओरखडलेली साल ताणत नाही, आणि पावसानंतर मणी फुगला की ती तिथेच चिरते.

चिरलेल्या मण्यात प्रथम रानटी यीस्ट शिरून साखरेचा अल्कोहोल करतात. मग अ‍ॅसिटिक जिवाणू त्या अल्कोहोलचे अ‍ॅसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगर बनवितात. तिसरी भागीदार ड्रोसोफिला, पिकलेल्या केळ्यांभोवती घोंघावणारे ते तांबूस डोळ्यांचे चिलट. ती वासाने येते, अंगावरून आणि पोटातून यीस्ट व जिवाणू घेऊन येते, चिरेत अंडी घालते. अळ्या गर घुसळत राहतात आणि जखम भरू देत नाहीत. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवून दिले आहे की यीस्ट आणि जिवाणू दोन्ही असूनही माश्या नसतील तर ही आंबट कूज पुरती प्रकट होत नाही. म्हणजे माशी ही केवळ वाहक नव्हे, ती या रोगाचीच एक बाजू आहे. आणि उबदार हवेत तिची एक पिढी दहा-बारा दिवसांत पुरी होते.

बागेत फिरताना एक गोष्ट ध्यानात आली. कुजलेले घड सर्वत्र सारखे नव्हते. मधल्या ओळींत तुरळक, तर पूर्वेकडील चार ओळींत घडामागून घड आंबलेले. पूर्वेच्या बांधावर चोथ्याचा ढीग होता. तीन-साडेतीन आठवड्यांपूर्वी शेनिन ब्लांक या पांढऱ्या जातीची काढणी झाली होती आणि तिचा चोथा पुढे खत करू म्हणून तिथे टाकला होता. लाल वाइनचा चोथा आंबून झाल्यावर निघतो. त्यात साखर जवळपास उरत नाही. पांढऱ्या वाइनचा चोथा आंबवण्यापूर्वीचा, साखरेने ओथंबलेला. काठीने वरचा थर बाजूला केला तर खाली अळ्या वळवळत होत्या. शिराझ पिकेपर्यंत माश्यांच्या दोन पिढ्या तिथे सुखाने वाढल्या होत्या. आम्हा दोघांनाही काही क्षण बोलायला सुचले नाही.

फवारणीला मी नकार दिला. काढणी तोंडावर असताना कोणतेही कीटकनाशक त्याच्या प्रतीक्षा कालावधीत बसत नाही. शिवाय ड्रोसोफिला कीटकनाशकांना झपाट्याने सरावते. प्रश्न उरला काढणीचा. थांबले असते तर बिया पिकल्या असत्या, पण कूज आत सरकली असती. दुसऱ्या दिवशी पहाटे, गारव्यातच, मधल्या ओळी काढावयाच्या ठरल्या. पूर्वेच्या चार ओळींतील कुजके घड पिशव्यांत भरून दूर नेऊन पुरले. तेथील निरोगी घडही वेगळ्या क्रेटमध्ये, वेगळ्या टाकीसाठी ठेवले. ते बागेच्या नावाच्या बाटलीत जाणार नव्हते. मालकांनी हा निर्णय शांतपणे घेतला, पण एकूण मालाच्या सुमारे पाचव्या भागाचा अधिकचा भाव त्या सकाळी गेला.

वाइनरीत आल्यावर घड टेबलावर पुन्हा निवडले गेले. यंत्राने देठ वेगळे झाले, मणी हलके फुटले, जिवाणूंना आवर घालण्यासाठी थोडा सल्फर डायऑक्साइड मिसळला आणि लगदा थंड करून टाकीत सोडला. निवडक यीस्ट घातल्यावर दीड-दोन दिवसांत किण्वन जोर धरते. कार्बन डायऑक्साइडच्या रेट्याने साली वर येऊन जाड टोपी बनते. रंग आणि टॅनिन या टोपीत अडकलेले असल्याने ती दिवसातून तीन-चार वेळा दांड्याने रसात बुडवावी लागते. लहान वाइनरीत हे काम हातानेच होते आणि तेच तिचे बळ आहे. एरवी तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान राखायचे. टोपी कोरडी पडली की बागेतील तेच जिवाणू आणि त्याच माश्या येथे हजर होतात, म्हणून तोंडावर घट्ट विणीचे कापड बांधलेले असते. बिया हिरवट असल्यामुळे त्या वर्षी साली दोन दिवस लवकर वेगळ्या केल्या आणि चोथ्यावर दाबही कमी दिला. वाइन थोडी हलकी झाली, कडू झाली नाही.

याच टप्प्यावर फवारणीचा हिशेबही चुकता होतो. भुरीसाठी मारलेले गंधक काढणीच्या फार जवळ आले असेल तर यीस्ट त्याचे हायड्रोजन सल्फाइड करतात आणि टाकीला सडक्या अंड्यांचा वास येतो. काही बुरशीनाशकांचे अवशेष खुद्द यीस्टलाच मंदावतात. टेबल द्राक्षाचे फवारणी वेळापत्रक वाइनच्या बागेला तसेच लावू नये, हे बागायतदारांना सांगताना ही दोन कारणे दिली की ते चटकन पटते.

पुढे मॅलिक आम्लाचे सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर झाले आणि वाइन २२५ लिटरच्या ओक पिंपांत गेली. लाकडातून ती सतत थोडी उडत असते. रिकाम्या जागेत हवा शिरली की अ‍ॅसिटिक जिवाणूंना पुन्हा संधी. म्हणून पिंपे वरचेवर काठोकाठ भरावी लागतात, आणि तीही त्याच बागेच्या वाइनने. त्यासाठी काही लिटर वाइन काचेच्या बरण्यांत राखून ठेवतात. अ‍ॅसिटिक आम्ल लिटरमागे साधारण ०.७ ग्रॅमच्या पुढे गेले की ते नाकाला जाणवू लागते. मधल्या ओळींची वाइन वर्षभरानंतरही त्याच्या बरीच खाली होती. वेगळ्या टाकीतली मात्र काठावर होती आणि ती साध्या मिश्र वाइनमध्ये गेली.

चोथ्याचे काय करावे, हा प्रश्न तेव्हापासून मी प्रत्येक वाइनरीत आधी विचारते. त्या बागेत आता पांढऱ्या द्राक्षांचा चोथा त्याच दिवशी उचलला जातो. तो बागेपासून दूर उन्हात पातळ पसरून वाळवितात. जागा नसेल तेव्हा खड्ड्यात घालून वर वीतभर माती दाबतात. जानेवारीच्या मध्यापासून शिराझच्या चारही कडांना व्हिनेगरचे सापळे टांगलेले असतात. दर तीन दिवसांनी माश्या मोजण्याचे काम मालकांच्या मातोश्रींनी आपल्याकडे घेतले आहे, आणि आकडा चढला की त्या आधी चोथ्याच्या खड्ड्याकडे जाऊन येतात.