धर्मकाट्याची तार आणि कॉम-१

कळमन्याच्या बाजाराकडे निघालेला संत्र्यांचा ट्रक वाटेतल्या धर्मकाट्यावर चढला, की शेजारच्या खोलीतील संगणकावर वजनाचा आकडा उमटतो. हा आकडा काट्याच्या इंडिकेटरमधून संगणकात बहुधा अद्यापही जुन्या 'सीरियल' तारेनेच येतो, आणि त्या तारेचे वैशिष्ट्य असे, की आपल्या दुसऱ्या टोकाला काटा आहे, मोडेम आहे की माऊस, याविषयी ती अवाक्षर काढीत नाही.

अशा मुक्या उपकरणाची नोंद ड्रायव्हर नामक प्रोग्रामने करावी कशी? १९८१ साली आलेल्या आयबीएमच्या पीसीपासून रूढ झालेल्या प्रघातानुसार पहिल्या सीरियल पोर्टाला षोडशमान पद्धतीतील ३एफ८ हा पत्ता आणि व्यत्ययाची ४ क्रमांकाची रेषा मिळाली, दुसऱ्याला २एफ८ आणि ३. पटवाऱ्याच्या दप्तरातला खसरा क्रमांक जसा कसणाऱ्याला नव्हे, जमिनीला चिकटलेला असतो, तसे 'कॉम-१' हे नाव त्या पत्त्याला चिकटले. तथापि नुसत्या प्रघातावर विसंबणे लिनक्सच्या ड्रायव्हरला मंजूर नाही. पत्त्यालगतच्या व्यत्यय-नियंत्रक रजिस्टरात तो आधी शून्य लिहून वाचून पाहतो, मग पंधरा लिहून पुन्हा वाचतो. दोन्ही वेळा लिहिले तेच परत आले, तरच तेथे चिप आहे असे मानून पुढील तपासणी करतो, आणि हे पोर्ट 'टीटीवाय-एस-०' या नावाने, मुख्य क्रमांक ४ व उपक्रमांक ६४ यांसह दाखल असते. विंडोजच्या अंतर्गत दप्तरी हेच पोर्ट 'सीरियल-०' असते. 'कॉम-१' ही बाहेरच्या प्रोग्रामांसाठी त्याला जोडून दिलेली ओळख. (त्या नावाचा दरारा एवढा, की कॉम-१ नावाची साधी फाईलही विंडोज सहजासहजी करू देत नाही.)

नव्या संगणकांना नऊ पिनांचे सीरियल पोर्ट सहसा नसतेच, म्हणून तार यूएसबी अडॅप्टरने जोडावी लागते. यूएसबी उपकरण मोठे बोलके. जोडताक्षणी निर्मात्याचा आणि प्रकाराचा क्रमांक सांगून मोकळे होते. परंतु स्वतःचा अनुक्रमांक स्वस्त अडॅप्टरांत पुष्कळदा नसतो, आणि सारा घोळ येथेच आहे. तो नसला, की विंडोज अडॅप्टरला खाचेवरून ओळखते. झाडलोटीत प्लग शेजारच्या खाचेत गेला, की कालचा कॉम-३ आज कॉम-४ होतो, जुना क्रमांक गैरहजर उपकरणाच्या नावे राखीव राहतो, आणि वजनाचा प्रोग्राम कॉम-३ कडे डोळे लावून बसतो. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणे दाखवून ती जुनी नोंद रद्द करता येते, नव्याला हवा तो क्रमांकही देता येतो. पण रांगेत ट्रक उभे असता काट्यावरचा जाणता माणूस त्या फंदात न पडता प्लग मुकाट्याने पूर्वीच्या खाचेत खोचतो.