बेटाची वाट

बंगळूरच्या पूर्व भागातील के. आर. पुरम स्थानकावर कन्याकुमारीस जाणारी ‘आयलंड एक्स्प्रेस’ थांबते. समुद्रापासून इतक्या दूर धावणाऱ्या गाडीला बेटाचे नाव का, असा प्रश्न श्रोत्यांना पडेल. पूर्वी ही गाडी कोचीच्या विलिंग्डन बेटापर्यंत जात असे. म्हणून हे नाव.

आजही या गाडीने एर्नाकुलमला उतरून विलिंग्डन बेटावरील धक्क्यावर जाता येते. तेथून लक्षद्वीपची जहाजे सुटतात. परक्या प्रवाशाजवळ प्रवेश-परवाना हवा. मिनिकॉय बेट सुमारे ४०० किलोमीटर दूर आहे. काही बेटांभोवती प्रवाळ असल्याने जहाज बाहेरच नांगरते आणि उतारू होड्यांतून किनारा गाठतात. पावसाळ्यात सारे समुद्राच्या मर्जीवर असते.

आपल्याला ही सफर वाटते; बेटवासीयांचे मात्र तिच्यावर जीवन अवलंबून असते. स्कॉटलंडच्या पश्चिमेकडील सेंट किल्डा बेटाला नियमित दळणवळण नव्हते, वैद्यकीय मदत वेळेवर पोहोचत नसे. अखेर २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या ३६ रहिवाशांनी स्वतःच्या विनंतीवरून ते कायमचे सोडले. बेट किती दूर आहे, हे मैलांवरून ठरत नाही. पुढचे जहाज केव्हा येणार, यावरून ठरते.