डोक्याचा मुका मार
फेब्रुवारी १९९८मध्ये ढाक्यातल्या एका क्लब सामन्यात भारतीय क्रिकेटपटू रमण लांबा फलंदाजाच्या अगदी जवळ, शॉर्ट लेगला उभा होता. षटकाचे थोडेच चेंडू उरले होते, म्हणून त्याने हेल्मेट घातलं नाही. जोरात मारलेला चेंडू त्याच्या डोक्यावर आदळला आणि उडून यष्टिरक्षकाच्या हातात गेला. फलंदाज बाद झाला. लांबा उठला आणि स्वतःच्या पायांनी तंबूत परतला. थोड्या वेळाने त्याची शुद्ध हरपली आणि तीन दिवसांनी तो गेला. रक्त आलं का, बेशुद्ध पडला का, माणसं ओळखतोय ना, ही आपल्याकडची घरगुती तपासणी लांबा पहिल्या काही मिनिटांत सहज उत्तीर्ण झाला असता. चूक त्या तपासणीचीच आहे. मार लागल्यानंतरचा पहिला तास डोक्याच्या आत काय चाललंय याची भरवशाची साक्ष देत नाही.

कारण दुखापत आदळण्याच्या क्षणी संपत नाही. सव्वा-दीड किलोचा मेंदू खरवसाइतका मऊ असतो आणि द्रवात तरंगत असतो. डोकं एकदम थांबलं तरी मेंदू हलतच राहतो. कवटीवर आदळतो आणि, त्याहून वाईट म्हणजे, पिळवटतो. त्या पिळाने चेतापेशींचे लांब तंतू ताणले जातात. पुष्कळदा यात रक्त सांडत नाही, म्हणून सीटी स्कॅनमध्येही काही दिसत नाही. रक्तस्रावाची गोष्ट निराळी. कानशिलापाशी हाड पातळ असतं आणि त्याच्या आतून एक रोहिणी जाते. हाड तडकलं की ती फाटू शकते. कवटी काही फुगत नाही. साठणारं रक्त मेंदूचीच जागा बळकावतं. आतला द्रव बाहेर सारून काही काळ भागतं, तोवर माणूस बोलतो, चहाही मागतो. ती सोय संपली की बघता बघता कोसळतो. म्हातारपणी मेंदू आक्रसलेला असतो, त्यामुळे न्हाणीघरात घसरून झालेला रक्तस्राव कित्येक आठवडे हळूहळू साठत राहू शकतो. चाल बिघडते, बोलणं अडखळतं आणि घरचे म्हणतात, वय झालं आता. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर धोका आणखी वाढतो.

हेल्मेट असताना ही चिंता कशाला, असं कुणी म्हणेल. हेल्मेट हवंच. २०२२मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं मेली, त्यांतली सुमारे ४४ टक्के दुचाकीवरची होती. आणि हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या डोक्याच्या दुखापतीचा धोका साधारण दोन तृतीयांशाने घटतो. (बक्कल न लावता नुसतं डोक्यावर ठेवलेलं हेल्मेट पोलिसांपुरतंच.) पण हेल्मेट हाडाला जितकं जपतं, तितकं मेंदूला पिळापासून जपत नाही. ऑगस्ट २०१९मध्ये लॉर्ड्सवर इंग्लंडच्या जोफ्रा आर्चरचा चेंडू ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह स्मिथच्या मानेवर, हेल्मेटच्या खाली बसला. तपासण्या ठीक आल्या, तो पुन्हा फलंदाजीला उतरला आणि ९२ धावांवर बाद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मेंदूला मार बसल्याची लक्षणं दिसली आणि त्याच्या जागी मार्नस लाबुशेन उतरला. अशा दुखापतीसाठी बदली खेळाडू देण्याचा नियम त्याच महिन्यात लागू झाला होता.

मग प्रत्येक टेंगळासाठी स्कॅन काढायचा का? मुळीच नाही, विशेषतः लहान मुलांना विनाकारण किरणोत्सर्ग नको. पण किमान चोवीस तास कुणीतरी सोबत हवं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी डोकेदुखी, गुंगी, असंबद्ध बोलणं, फिट, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, हातापायातली शक्ती जाणं, नाका-कानातून पाणी येणं, यांतलं काहीही दिसलं तर रात्र असो, पाऊस असो, तडक रुग्णालय गाठावं.

उरला प्रश्न ‘रिपोर्ट नॉर्मल’ आलेल्यांचा. बहुतेक जण काही आठवड्यांत सावरतात. दोन दिवस आराम करून हळूहळू कामाला लागणं आता योग्य मानतात. अंधाऱ्या खोलीत महिनाभर पडून राहण्याचा सल्ला मागे पडला. काहींचा विसराळूपणा, चिडचिड, उजेडाचा त्रास, बिघडलेली झोप मात्र महिनोन् महिने टिकते. कचेरीत त्याला कामचुकारपणा म्हणतात, घरी नखरे. सोंग करणारे नसतातच असं नाही, पण स्कॅन कोरा आला एवढ्यावरून सोंग ठरत नाही, कारण ताणलेले तंतू त्या चित्रात उमटतच नाहीत. अशा माणसाचा पुन्हा सीटी काढण्याऐवजी त्याची स्मरणशक्ती आणि एकाग्रता मानसतज्ज्ञाकडून तपासून घ्यावी आणि तोवर त्याला गाडी चालवू देऊ नये.