शाकारलेल्या होडीचे दोन महिने

ज्येष्ठ लागला कीं कोंकणांतला शेतकरी नांगर घेऊन घराबाहेर पडतो आणि कोंकणांतला कोळी नांगर उचलून घरीं परततो. एकाचें काम तेथून सुरू होतें व दुसऱ्याचें संपतें, अशी किनाऱ्यापासून दूर राहणाऱ्यांची समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. दर्यावरचें काम थांबतें. पण होडीचें काम त्याच दिवशीं सुरू होतें. पुढें वर्षभर होडींतलीं माणसें सुखरूप घरीं येणार कीं नाहीं, हें पुष्कळ अंशीं या दोन महिन्यांच्या कामावर ठरतें.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते. हा काळ पुष्कळ जातींच्या माशांच्या विणीचा असतो, आणि नैर्ऋत्येच्या वाऱ्यानें दर्याही खवळलेला असतो. कायदा होण्यापूर्वींही रूढीनें ही विश्रांति पाळली जातच होती. श्रावणांतल्या नारळी पौर्णिमेस दर्याला नारळ अर्पण करावा आणि मग होडी पाण्यांत लोटावी, असा रिवाज होता. ६१ दिवस ऐकावयास पुष्कळ वाटतात. परंतु त्यांतून मुसळधार पावसाचे दिवस वजा करावे, सुतार व मेस्तरी दुसऱ्यांच्या होड्यांवर गुंतलेले असतात ते दिवस वजा करावे, म्हणजे हातीं थोडेच उरतात. शिवाय या काळांत खर्च असतो, मिळकत नसते. कामांची यादी मात्र तांडेलाच्या वहींत पानामागून पान वाढत जाते. सगळीं कामें होणार नाहींत हें ठरलेलेंच असतें. म्हणून कोणतें आधीं, हाच खरा प्रश्न होय.

यादी इतकी लांब कां होते हें कळण्यासाठीं होडीचे शत्रु ओळखले पाहिजेत. पहिला शत्रु लांकूड पोखरणारा समुद्री किडा. त्याला किडा म्हणतात खरें, पण जातीनें तो शिंपल्यांचा भाऊबंद आहे. अगदीं लहानपणीं तो टांचणीच्या टोंकाएवढ्या भोंकांतून फळींत शिरतो आणि आंतल्या आंत लांकूड कोरीत वाढतो. वरून फळी धड दिसते. आंत तिची चाळण झालेली असते. १७३१ च्या सुमारास हॉलंडमध्यें समुद्राच्या बांधांचे लांकडी खांब याच प्राण्यानें पोखरल्याचें उघडकीस आलें आणि साऱ्या देशाला धडकी भरली. दुसरा शत्रु तळाला चिकटणारें शेवाळ आणि चुनखडी कवचाचे टणक प्राणी. ते होडी बुडवीत नाहींत, पण तिचा वेग खातात आणि वर्षभर तेलाचा खर्च वाढवितात.

तिसऱ्या शत्रूचें नांव ऐकून नवल वाटेल: तो म्हणजे गोडें पाणी. खाऱ्या पाण्यांत लांकूड सहसा कुजत नाहीं. पावसाचें पाणी फळ्यांच्या सांध्यांत मुरलें कीं बुरशी धरते आणि लांकूड भुसभुशीत होतें. म्हणूनच पावसाळ्यांत होडी शाकारण्याची चाल पडली. पूर्वीं माडाच्या झावळ्यांचे झाप घालीत, आतां बहुधा प्लॅस्टिकचा कागद असतो. झापांतून वारा खेळतो. प्लॅस्टिक चहूंकडून घट्ट बांधलें तर आंत दमट हवा कोंडते आणि ज्या बुरशीपासून होडी वांचवावयाची, तिलाच आसरा मिळतो. यास्तव दोन्ही टोंकें मोकळीं ठेवणें अवश्य आहे. उघडीप पडून कडक ऊन लागलें तर फळ्या आकसून सांधे उघडतात. तेव्हां हें छप्पर पावसाइतकेंच उन्हासाठींही असतें.

चौथा शत्रु धातूंमधील भांडण. दोन निरनिराळे धातु खाऱ्या पाण्यांत एकमेकांना लागून असले म्हणजे त्यांतला एक झपाट्यानें झिजतो. १७६१ सालीं ब्रिटिश आरमारानें किड्यावर उपाय म्हणून ‘अलार्म’ या जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे मारून पाहिले. किडा थांबला, पण पत्र्यांना लागलेले लोखंडी खिळे थोड्याच काळांत झिजून गेले. आजच्या बोटीच्या पंख्याजवळ जस्ताचा तुकडा बसवितात तो याच अनुभवाचा उपयोग करून: जस्त स्वतः झिजतें आणि पंखा व त्याचा दांडा वांचतो. तें निम्में झिजलें कीं बदलावें आणि त्यावर रंग कधींही लावूं नये. वर्षभरांत तें मुळींच झिजलें नसेल तर मात्र आनंद मानूं नये. त्याचा धातूशीं असलेला संबंध तुटला आहे, असें समजावें.

शत्रु ओळखले कीं कामांचा क्रम बराचसा आपोआप लागतो. पहिली तारीख चंद्र ठरवितो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची भरती सर्वांत उंच चढते, आणि होडी ओंडक्यांवरून ओढून वर न्यावयाची तर तीच वेळ साधावी लागते. ती चुकली कीं पंधरा दिवस थांबणें आलें, आणि तोंवर पाऊस येऊन ठेपतो. होडी वर येतांच, तळ ओला आहे तोंच, शेवाळ व कवचें खरवडून काढावीं. वाळल्यावर त्याच कामाला दुप्पट श्रम पडतात. मग ती गोड्या पाण्यानें धुवावी, आंत सांचलेलें पाणी काढून टाकावें आणि तळाच्या कण्याला, म्हणजे पठाणाला, सारखा आधार मिळेल असे टेकू द्यावे. सारा भार एकाच बाजूला पडला तर होडीचा आकारच बिघडतो.

यानंतर दुरुस्ती नव्हे, तर पाहणी करावयाची. जुना सुतार हातोडीनें फळीवर हलकेच टकटक करीत जातो. धड लांकूड खणखणीत बोलतें, पोखरलेलें लांकूड बद्द आवाज देतें. जेथें शंका येते तेथें अणकुचीदार हत्यार टोंचून पाहतात. फायबरच्या होडीला किडा लागत नाहीं म्हणून तीही निर्धास्त नव्हे. कवचाला बारीक तडा गेला कीं पाणी आंतल्या लांकडी भागांत झिरपतें, आणि बाहेरून त्याचा मागमूसही दिसत नाहीं.

ही पाहणी संपली म्हणजे यादीचे तीन भाग पाडावे. पहिल्या भागांत, ज्यामुळें पाणी आंत येईल किंवा माणूस दगावेल तें सर्व: सांधे, सडक्या फळ्या, पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तें भोंक, पाणी उपसण्याचा पंप, तरंगण्याचीं जाकिटें, दिवे, बिनतारी संच. दुसऱ्या भागांत, ज्यावांचून बोट परत येऊं शकणार नाहीं तें: इंजिन, सुकाणू, नांगर व त्याचा दोर. तिसऱ्या भागांत, जें होडीचें आयुष्य व शोभा वाढवितें तें: वरचा रंग, कठडे, नाळेवरचें नांव. पैसा किंवा दिवस संपलेच तर ते तिसऱ्या भागांत संपावेत, पहिल्यांत नव्हे. नियम साधा आहे, पण मनाची ओढ नेमकी उलट असते. नवा रंग साऱ्या गांवाला दिसतो. पाण्याखालच्या सांध्यांत ठोकलेला कापूस कोणालाच दिसत नाहीं.

सांधे भरण्याचें काम नाजूक आहे. जुना कापूस काढून सांधा स्वच्छ करावयाचा, नव्या कापसाची वात बोथट छिन्नीनें ठोकून बसवावयाची आणि वरून लुकण भरावयाचें. पूर्वीं राळ व चुना तेलांत कालवून हें लुकण करीत. कापूस ढिला राहिला तर गळती होते. फार घट्ट ठोकला तर पाण्यांत फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाहीं आणि त्या खिळ्यांवरून उचकटतात. ओल्या लांकडावर रंग धरत नाहीं, फोड येतात. तेव्हां रंगासाठीं सलग उघडिपीचीच वाट पाहिली पाहिजे, आणि तळाचा रंग तर होडी पाण्यांत लोटण्याच्या थोडेच दिवस आधीं लावावा. पाऊस कोसळत असतां हात रिकामे ठेवण्याचें मात्र कारण नाहीं. जाळीं विणणें, दोर तपासणें, इंजिनाचे सुटे भाग धुऊन तेल लावणें हीं पडवींतलीं कामें त्या दिवसांसाठींच राखून ठेवावीं. थोडक्यांत, यादींतील प्रत्येक कामापुढें त्याला ऊन हवें कीं छप्पर, हें लिहून ठेवलें तर आषाढाचा एकही दिवस फुकट जात नाहीं.

निगेचें फळ काय मिळतें याचा दाखला मुंबईच्या गोदीनेंच दिला आहे. वाडिया घराण्यांतील कारागिरांनीं सागवानाची ‘त्रिंकोमाली’ नांवाची युद्धनौका तेथें बांधली आणि १८१७ सालीं ती पाण्यांत उतरली. दोनशें वर्षांनंतर आजही ती इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. सागवान उत्तम होतें, बांधणी उत्तम होती. पण १९९० नंतर दशकभर तिची कसून डागडुजी झाली नसती, तर नुसत्या सागवानानें तिला तारलें नसतें.

होडी पुन्हां पाण्यांत उतरली कीं लगेच दूर जाऊं नये. वाळलेल्या फळ्यांना फुगून सांधे मिटावयास अवधि लागतो. एक-दोन दिवस ती किनाऱ्यालगत बांधून ठेवावी, आंत किती पाणी येतें तें पाहावें, इंजिन चालवून पाहावें, आणि मगच जाळीं चढवावीं. ऑगस्टांतला दर्या अजून निवळलेला नसतो. गळती शोधण्याची ती जागा नव्हे.

आणि शहाणा तांडेल पुढल्या वर्षाची यादी जूनमध्यें लिहावयास बसत नाहीं. सुकाणू जड लागलें, पंपाला उशीर झाला, एखाद्या रात्रीं नेहमींपेक्षां दोन बादल्या पाणी जास्त उपसावें लागलें, कीं त्याच दिवशीं तो तें वहींत टिपतो. होडी आपलें दुखणें दर्यावरच सांगते. किनाऱ्यावर आल्यावर ती गप्प असते.