गाव नको, बायोडेटा सांग!

परदेशी तण दिसलं की आपण आधी त्याचा पासपोर्ट मागतो. वर्ध्याच्या रानात विचारायचा प्रश्न मात्र वेगळाच आहे...

वर्धा म्हटलं की पटकन दोनच गोष्टी आठवतात. एक सेवाग्राम आणि दुसरी गोरसपाक. ऑफिसात कुणी तिकडे सुट्टीला जाऊन आलं की गोरसपाकचा पुडा टेबलांवरून फिरतो आणि दहा मिनिटांत रिकामा होतो. तिसरी गोष्ट फारशी कुणाला माहीत नसते. वर्ध्याला स्वतःचा व्याघ्र प्रकल्प आहे! सेलू तालुक्यातल्या बोर धरणाभोवतीचं जंगल १९७० मध्ये अभयारण्य झालं आणि २०१४ मध्ये व्याघ्र प्रकल्प. तेव्हा त्याचं क्षेत्र होतं जेमतेम १३८ चौरस किलोमीटर. देशातला सगळ्यात छोटा!

मी तिथे गेलो तो अर्थातच वाघासाठी. वाघ काही दिसला नाही (तो विषय नकोच). दिसली ती रानतुळस. पावसाळा नुकताच संपलेला, आणि जिप्सीच्या दोन्ही बाजूंना ही खांद्याएवढी झुडपं. जांभळट फुलं, नाकात जाणारा उग्र वास. हरणं खातात का हे, असं मी विचारलं तर गाइडदादा हसले.

"ढोरं त्याले तोंड नाई लावत जी, हरणं कायले लावतील?"

सगळा घोळ या एका वाक्यात आहे. रानतुळस जिथे माजते तिथे गवताला ऊन मिळत नाही. गवत नाही तर चितळ नाही, चितळ नाही तर वाघ नाही. आणि जंगलाच्या बाहेर? तिथे गवळाऊ आहे. गवळाऊ ही वर्ध्याची खास गाय. आर्वी, आष्टी, कारंजा हा तिचा पट्टा. पांढरी, उंच, चपळ. मराठ्यांच्या फौजेचं सामान डोंगरवाटांवरून पळवत नेणारे बैल याच जातीचे, असं सांगतात. कारंजा तालुक्यात हेटीकुंडीला तिच्यासाठी सरकारी पैदास केंद्रही आहे. पण ही जात मुळात चरून जगणारी. तिला गोठ्यात बांधून विकतची सरकी ढेप घालायची तर गवळ्याचा हिशोब पहिल्या महिन्यातच कोलमडतो. म्हणजे एका फुकट वाढणाऱ्या झुडपापायी कुणाचा तरी पिढीजात धंदा बसू शकतो.

आता आपली सवय बघा. तण दिसलं की आपण विचारतो, "हे आलं कुठून?" गाजरगवत म्हणे अमेरिकन गव्हाबरोबर आलं. पुण्यात १९५५ मध्ये ते पहिल्यांदा नजरेत भरलं आणि लोकांनी त्याला थेट 'काँग्रेस गवत' करून टाकलं. घाणेरी इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या बागेत शोभेसाठी लावली. रानतुळसही मूळची अमेरिका खंडाच्या उष्ण भागातली. गप्पा मारायला हे सगळं झकास आहे. पण पासपोर्टच बघायचा तर सावजी रश्श्यातली मिरचीसुद्धा परदेशीच की! तिला कुणी जंगलातून हुसकावायला निघालेलं नाही.

म्हणून वनस्पतीशास्त्रज्ञ गेली काही दशकं दुसराच प्रश्न विचारतायत. हे झाड करतं काय? थोडक्यात, गाव नको, बायोडेटा सांग! १९९८ मध्ये मार्क वेस्टबी या ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञाने सुचवलं, की कुठल्याही झाडाची तीन मापं घ्या. एक ग्रॅम पानाचा पसारा किती, झाडाची उंची किती आणि बीचं वजन किती. बस्स! पुढे २००४ मध्ये जगभरातल्या २,५४८ जातींच्या पानांचा ताळेबंद 'नेचर'मध्ये आला आणि कळलं, की पानांची दुनिया आपल्या पैशांसारखीच चालते. काही पातळ, स्वस्तातली पानं झटपट कमावतात आणि झटपट गळतात, डे-ट्रेडिंगवाल्यांसारखी. काही जाड पानं म्हणजे फिक्स्ड डिपॉझिट. उशिरा परतावा, पण टिकाऊ. गाजरगवत पक्कं ट्रेडर. ओल मिळाली की उगवतं, चार-सहा आठवड्यांत फुलतं आणि एकेक रोप दहा-पंधरा हजार बिया सहज टाकतं.

गंमत म्हणजे आपल्या गावाकडच्या माणसांनी हा बायोडेटा कधीच लिहून ठेवलाय. नावातच! घाणेरी, म्हणजे वास असा की गुरं फिरकत नाहीत. गाजरगवत, म्हणजे पान गाजरासारखं. आणि माझं फेव्हरिट 'बेशरम'. नाल्याकाठची ती जांभळ्या फुलांची झुडपं. तोडा, फेका, ओल्या जागी पडलेला तुकडा पुन्हा मुळं धरतो. याहून नेमकं वर्णन कुठल्या जर्नलात मिळेल, सांगा.

पण बायोडेटा वाचून करायचं काय? तर तणाला मारायची वेळ आणि जागा ठरवायची. घाणेरीचंच घ्या. वाघांच्या वावराच्या आपल्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून जास्त भागात ती पोहोचलीय, असं २०२० मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो. कुऱ्हाडीने छाटली तर ती दुप्पट जोमाने फुटते, कारण नव्या फुटव्यांचे डोळे खोड आणि मूळ जुळतात त्या भागात असतात. दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेटच्या जंगलात नेमकं हेच हेरलं. जमिनीखाली दोन-तीन बोटं खणायचं, मुख्य मूळ तिथे तोडायचं आणि झुडूप उपटून उलटं ठेवून द्यायचं. ना औषध, ना मशीन. पुन्हा फुटवा नाही! मग उरतात बिया. घाणेरीची काळी फळं खातात बुलबुल आणि साळुंक्या, नि बी टाकतात ते बसायच्या झाडाखाली. त्यामुळे पुढची काही वर्षं रोपटी शोधायला अख्खं रान पालथं घालायला नको. आधी मोठ्या झाडांखाली बघायचं.

रानतुळशीचा बायोडेटा अगदी वेगळा. ती वर्षायू. म्हणजे उन्हाळ्यात मरणारच आहे, तिला मुळापासून तोडण्यात कसली मर्दुमकी? तिचं सगळं भविष्य बीत. फालुद्यातल्या सब्जासारखं तिचं बी पाणी लागलं की बुळबुळीत होतं, ओल धरून ठेवतं आणि मातीला चिकटतं. बीवरचं काटेरी टोपण जनावरांच्या केसांत अडकून फुकट प्रवास करतं. म्हणून तिला गाठायचं ते कळी धरायच्या आत, श्रावण-भाद्रपदात, जमीन ओली असताना. तेव्हा ती हाताने सहज उपटून येते. डिसेंबरात मजूर मोकळे असतात म्हणून तेव्हा उपटायला गेलात, तर तुम्ही तण काढत नसता, पेरणी करत असता. मोहिमा फसतात त्या बहुतेक इथेच, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि मातीत आधीचं बी असतंच, त्यामुळे एका वर्षात निकाल लागत नाही.

इथवर सोपं होतं. खरी डोकेदुखी पुढे आहे. तण काढल्यावर त्या मोकळ्या जागेत कोण येणार? जागा रिकामी ठेवली तर तेच परत येणार. शास्त्र सांगतं, की त्याच्यासारख्याच बायोडेटाचा आपल्या पसंतीचा उमेदवार आधीच बसवा. गाजरगवताला असा तोडीस तोड गडी म्हणजे आपला तरोटा, म्हणजे कोकणातला टाकळा. पहिल्या पावसाबरोबर उगवतो, भराभर दाट होतो आणि गाजरगवताचं ऊन अडवतो. कोवळ्या पानांची भाजीही होते, विदर्भात पावसाळ्यात ती आवडीने खातात. रस्त्याकडेला, पडीक प्लॉटवर तरोटा म्हणजे एकदम हिट! पण हाच तरोटा कुरणात पसरला तर? वाढलेल्या तरोट्याला गुरं तोंड लावत नाहीत. गवळ्याच्या दृष्टीने एक तण गेलं आणि दुसरं आलं. तेव्हा उमेदवार निवडायच्या आधी कंपनी कुणाची, हे ठरवायला हवं. डांबरी रस्त्याची की गवळाऊची?

या बाबतीत आपण एकदा चांगलेच पोळलोय. १९७०-८० च्या दशकांत सुबाभूळ घरोघर नेली गेली. झटपट वाढते, तोडली की फुटते, पाणी कमी लागतं, बिया भरपूर, चाराही होतो. कुणालाही आवडेल असाच बायोडेटा! आज ती पडीक जमिनींवर आपली आपण पसरतेय. तेच नर्सरीचं. 'कमी पाणी, बारमाही फुलं, गुरं खात नाहीत' अशी ज्याची तारीफ होते, त्या शोभेच्या कुंडीत घाणेरीचीच बहीण असते. माझ्या सोसायटीच्या गेटवर दोन आहेत.

कुरणासाठी मग उमेदवार कोण? आपलीच गवतं. मारवेल, पवन्या, कुसळी. मेळघाटात अशी कुरणं उभी करण्यासाठी गवताचे अभ्यासक डॉ. गजानन मुरतकर यांनी वर्षानुवर्षं काम केलंय. तण काढणं हा त्यातला निम्माच भाग, बाकी सगळा खेळ बियांचा. ही बी कृषी केंद्रात पाकिटात मिळेल, अशा भ्रमात राहू नका. पावसाळा सरला की चांगल्या कुरणात उभं राहून ती हाताने ओरबाडावी लागते, वाळवावी लागते आणि पुढच्या मृगापर्यंत उंदीर-मुंग्यांपासून सांभाळावी लागते.

त्यातल्या कुसळीचा बायोडेटा तर भलताच भारी. तिच्या बीला लांब, पिळदार शेपूट असतं. हवेत दमटपणा आला की पीळ सुटतो, वाळलं की पुन्हा बसतो, आणि या फिरण्यात बी स्क्रू-ड्रायव्हरसारखं स्वतःला मातीत घुसवतं. रानातून चालताना सॉक्समध्ये शिरून घोट्याला टोचत राहते ना, ती हीच!